दहापैकी साडेसहा

काही घराण्यांत देवळं फिरतात, काहींत किल्ले. आम्ही तिघं प्राणिसंग्रहालयं फिरतो. तिघं म्हणजे मी (डोंबिवली पूर्व), माझा मावसभाऊ (ठाणे, वसंतविहार) आणि आमचे नानामामा (कल्याण, पारनाका). नागपूरला कुणाचं लग्न असलं की अक्षता पडल्या-पडल्या आमची रिक्षा गोरेवाड्याकडे निघते. आमच्या तिघांच्या बायका या विषयावर एकमेकींशी फोनवर काय बोलतात ते आम्हाला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही :-)

नानांची एक दोनशे पानी वही आहे. पाहिलेल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला तिच्यात दहापैकी गुण द्यायचे. रकाने ठरलेले: सावली, पाणी, पाट्यांवरची माहिती, रखवालदार प्राण्यांशी कसे वागतात, आणि 'आडोसा'. हा शेवटचा रकाना नानांनी स्वतः काढला. प्राण्याला माणसांचा कंटाळा आला तर नजरेआड व्हायला जागा आहे का, एवढंच त्यात बघायचं. लोक बाहेर पडताना "छे, वाघ दिसलाच नाही, पैसे फुकट" असं म्हणाले की नाना खूश! तिथे पूर्ण गुण.

आठच्या वर कुणीच गेलेलं नाही. आठ मिळाले ते म्हैसूरला. 1892 साली सुरू झालेलं, तिकिटांच्या पैशांवर आपला खर्च भागवणारं आणि झाडांनी गच्च भरलेलं. 2021 मध्ये तिथे जर्मनीहून दोन गोरिले आले, तेव्हा नाना चार दिवस बेचैन होते. चेन्नईजवळचं वंडलूर सहाशे हेक्टरांचं. तिथे प्राणी मजेत असतात, आपले पाय मात्र संध्याकाळपर्यंत राजीनामा देतात. दार्जिलिंगला तांबड्या पांडाने नानांना पूर्ण बावीस मिनिटं एका जागी उभं केलं होतं, आणि मामी त्या बावीस मिनिटांचा हिशेब आजही मागतात. पुण्याच्या पेशवे पार्कला वहीत जुने चार गुण आहेत. तिथला वाघ बघून मी लहानपणी टाळ्या पिटल्या होत्या, आणि तो पिंजरा किती लहान होता ते मोठं झाल्यावर कळलं. 1999 मध्ये कात्रजचं संग्रहालय सुरू झालं आणि तिथले प्राणी तिकडे गेले. तिथे 130 एकर जागा, त्यात मोठा तलाव. कात्रजला साडेसात.

आणि राणीच्या बागेला साडेसहा. (नाना 'राणीचा बाग' म्हणतात. जुनी मुंबईकर मंडळी तसंच म्हणतात, आणि आम्ही सुधारलं तर रागावतात.)

हे साडेसहा म्हणजे आमच्यातला कायमचा वाद. डोंबिवलीहून फास्ट लोकल, भायखळ्याला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडून पाच-दहा मिनिटं चालायचं. आम्हा मध्य रेल्वेवाल्यांसाठी हेच आपलं घरचं प्राणिसंग्रहालय. ठाण्यापासून कल्याणपर्यंत एवढी लाखो माणसं राहतात, पण पोरांना वाघ दाखवायचा तर गाडी पकडून भायखळा गाठा, नाहीतर बोरिवली. राणीची बाग 1862 ची. पण ती आधी बाग आहे आणि मग प्राणिसंग्रहालय, हे लोक विसरतात. तीन हजारांच्या वर झाडं आणि पावणेतीनशेच्या वर जाती. तो गोरखचिंचेचा बुंधा बघा एकदा, हत्तीपेक्षा जाड! 2007 च्या सुमारास महापालिकेने बँकॉकच्या सल्लागारांकडून चारशे कोटींच्या वरचा आराखडा करून घेतला होता, आणि त्यात ही झाडं जातील म्हणून काही बायका-माणसं वर्षानुवर्षं झगडली. शेवटी तो आराखडा बराच आवरता घ्यावा लागला. वहीत 'सावली' या रकान्यात राणीच्या बागेला दहापैकी दहा आहेत ते त्या लोकांमुळे. सगळा मार खाल्ला तो 'आडोसा' आणि जागा यांत.

मावसभावाचं म्हणणं, साडेसहा हा अन्याय आहे, कारण नानांनी नवी बाग नीट बघितलेलीच नाही. 2016 च्या जुलैत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, ऑक्टोबरात त्यातली एक मादी मेली, आणि नानांनी तिथेच फुली मारली. मार्च 2017 मध्ये पेंग्विन लोकांसाठी खुले झाल्यावर मी ओळीत उभा राहून बघून आलो. खरं सांगू? मला आवडलं. हा पेंग्विन बर्फातला नव्हे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा, हे तिथे गेल्यावर कळलं. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या पोरांचे चेहरे बघितले असते तर नानांनी निदान अर्धा गुण वाढवला असता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकीट पाचाचं पन्नास झालं. त्यावर लोक ओरडले, पण चार जणांच्या कुटुंबाला शंभर म्हणजे आमच्या डोंबिवलीत चार जणांचं पावभाजीचं बिलही नाही. आता पेंग्विनची पिल्लं इथेच जन्मतात, आणि 2025 मध्ये तर त्यांना मराठी नावं द्या अशी मागणीही झाली. यावर नानांचं मत: "नाव काय ठेवायचंय ते ठेवा रे, एसी बंद पडला तर काय करणार ते सांगा."

या वादातून आमचं दुसरं व्यसन निघालं. पुढे काय यायला हवं याचे नकाशे काढायचे. राणीच्या बागेशेजारी मफतलाल मिलची जमीन आहे. तिथे जिराफ, झेब्रा, चित्ता, पांढरा सिंह अशी परदेशी मंडळी आणायचे बेत महापालिकेने अनेक वर्षं रंगवले. प्रत्येक बातमीबरोबर आमच्याकडेही रंगीत पेन्सिली बाहेर. सात एकरांत जिराफ कसा बसवायचा यावर आम्ही एका गणपतीत आरतीची वेळ चुकवली आहे. पण नानांचं खरं काम वेगळंच. त्यांनी आलेखाच्या कागदावर 'ठाणे जिल्हा प्राणिसंग्रहालय' काढायला घेतलंय. निवृत्त झाल्यापासून काढतायत. दार कुठे, दवाखाना कुठे, नवीन प्राणी वेगळे ठेवायची जागा कुठे, चारा कुठून आत येणार, सगळं. कारण केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम त्यांनी वाचलेत. आराखड्याशिवाय आणि दवाखान्याशिवाय मान्यता नाही. शिवाय आठवड्यातून एक दिवस सुट्टी. भायखळ्याला बुधवार, कात्रजलाही बुधवार. "बुधवार म्हणजे वाघाचा रविवार," असं आम्ही पोरांना सांगतो.

मोकळ्या आवाराची कल्पना नानांनी हागेनबेककडून घेतली. हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकने 1907 मध्ये गजांऐवजी खंदक खणून प्राणी उघड्यावर दाखवले, आणि जगभर त्याची नक्कल झाली. आपलं दिल्लीचं प्राणिसंग्रहालय 1959 चं, त्याच्या आखणीलाही त्याच घराण्यातला माणूस बोलावला होता. नानांचा सगळा कागद खंदकांनी भरलेला. अगदी जलसंपदा खात्याचा वाटावा असा.

तर मंडळी, हे सगळं सुखाने चाललं होतं, आणि त्यात ओवीने पाय घातला.

ओवी मावसभावाची मुलगी. बारा वर्षांची. गेल्या दिवाळीत आम्ही कागद पसरून बसलो असताना ती म्हणाली, "नानाआजोबा, तुमच्या झूमध्ये मी येणार नाही. कुठल्याच झूमध्ये येणार नाही."

याला मागचं थोडं सांगायला हवं. आमच्या एका वहिनींचं माहेर जयसिंगपूरचं. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, ज्यांना ती माधुरी म्हणून माहीत, ती त्यांनी लहानपणापासून बघितलेली. जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरच्या वनताराला नेलं, तेव्हा वहिनी दोन दिवस रडत होत्या. तिकडे हजारो माणसं रस्त्यावर आली. नाना मात्र फोनवर म्हणाले की हत्ती कळपातला प्राणी, एकटी साखळीत कशाला ठेवायची, तिचे पाय बघा, संधिवात बघा. वहिनी म्हणाल्या, "मग राणीच्या बागेतल्या लक्ष्मी-अनारकलीला तुम्ही इतकी वर्षं केळी चारलीत, त्या कुठल्या कळपात होत्या?" आणि फोन ठेवला. गणपतीला आल्या नाहीत. आमच्याकडे ही काही साधी गोष्ट नाही. उकडीचे मोदक वहिनींशिवाय होतच नाहीत.

नानांना तो प्रश्न लागला होता हे आम्हाला कळत होतं. लहानपणी राणीच्या बागेत हत्तीवर बसून फेरी मारल्याची गोष्ट ते प्रत्येक मुंजीत सांगायचे, ती सांगायची बंद झाली. 2009 सालीच प्राधिकरणाने हत्ती प्राणिसंग्रहालयांतून हलवा असं सांगितलं होतं, हे त्यांनीच वहीत लिहून ठेवलंय. वहिनींचा मुद्दा त्यांच्याच अक्षरात होता म्हणा ना.

आणि ओवीने हे सगळं ऐकलं होतं. मोठ्यांचं भांडण चालू असताना पोरं कार्टून बघतायत असं आपल्याला वाटतं, एवढंच.

नाना तिच्यावर रागावले नाहीत. पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "बरं. मग प्राणी बघायचेच नाहीत का तुला?"

"मी बघितलाय की बिबट्या," ओवी म्हणाली. "आमच्याकडेच आला होता."

खरंच आला होता. 20 फेब्रुवारी 2019, पहाटे कोरम मॉलच्या आवारात शिरला आणि मग समतानगरच्या सत्कार हॉटेलमध्ये जाऊन बसला. तिथेच त्याला बेशुद्ध करून पकडलं. ओवीची शाळेची रिक्षा त्याच रस्त्याची, त्यामुळे तिच्या दृष्टीने तो 'आमच्याकडे' आलेला. 2022 च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एका इमारतीत बिबट्या शिरला, तेव्हा काही माणसं जखमी झाली आणि दिवसभर सगळं कल्याण टीव्हीला चिकटून होतं. नाना त्या दिवशी रिक्षा करून तिकडे निघाले होते, मामींनी चपला लपवल्या म्हणून राहिले.

"त्यांना पकडून कुठे नेतात?" ओवीने विचारलं.

या एका प्रश्नाने आमचा आलेखाचा कागद बदलला. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटर, आणि त्यात पन्नासच्या आसपास बिबटे. आपला येऊर म्हणजे त्याचीच ठाण्याकडची बाजू. पकडलेल्यांपैकी धडधाकट असतात त्यांना परत सोडता येतं. काहींना नाही. कुणाचा पाय गेलेला, कुणी आईविना वाढलेला, कुणी माणसावर हल्ला केलेला. ते कायमचे पिंजऱ्यात. जुन्नरजवळ माणिकडोहला असंच केंद्र आहे. उसाच्या फडांत जन्मलेले बिबटे तिथे म्हातारे होतात. नानांनी हे सगळं तिला सांगितलं, अगदी सावकाश, काही न लपवता.

मावसभाऊ उत्साहाने म्हणाला, जुन्नरला आंबेगव्हाणला बिबट सफारी व्हायचं घाटतंय ना! (2022 मध्ये ती जुन्नरला की बारामतीला यावरून केवढं रान पेटलं होतं.) ओवीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने कागद ओढून घेतला आणि विचारलं, "यातले जिराफ कुठून येणार?"

"दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून. अदलाबदलीने. बोरिवलीला 2022 मध्ये जुनागढहून सिंहांची जोडी आली, बदल्यात वाघांची जोडी गेली."

"म्हणजे त्यांना आधी घर आहे. आणि पाय गेलेल्या बिबट्याला नाही."

मी माझं मत सांगतो, पटलं तर बघा. पेंग्विनचं मला आजही कौतुक आहे, आणि प्राणिसंग्रहालयं बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. दार्जिलिंगने तांबडा पांडा वाढवून दाखवलाय, ते काम कुणीतरी करायलाच हवं. पण आमच्या भागात नवं काही व्हायचं असेल तर जिराफासाठी सात एकर शोधण्यापेक्षा ज्याला जंगलात परत जाता येत नाही त्याच्यासाठी सात एकर शोधणं मला जास्त पटतं. मावसभावाला पटत नाही. तो म्हणतो, लंगडा बिबट्या बघायला तिकीट काढून कोण येणार, आणि तिकीट नाही तर मटण कोण देणार? हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर अजून कागदावर आलेलं नाही.

आलेलं एवढंच. जिराफ खोडला. (मावसभावाने तो कोपऱ्यात हलक्या पेन्सिलने परत काढून ठेवलाय, नानांना दिसत नाही असं त्याला वाटतं.) हत्तीचं आवार पूर्ण खोडलं, ते नानांनी स्वतः. तिथे आता बिबट्यांसाठी पाच मोठी आवारं, प्रत्येकात मागे दाट झाडी, आणि बघणाऱ्यांना फक्त एका बाजूने वाट. बिबट्या खंदकाला जुमानत नाही आणि झाडावरून उडी टाकतो, म्हणून वरून जाळी आली आणि हागेनबेक गेला. ओवीच्या सांगण्यावरून प्रत्येक आवाराच्या पाटीवर तो बिबट्या कुठे सापडला ते गाव लिहायचं.

त्या कागदाचा फोटो नानांनी वहिनींना पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. हत्तीच्या जागेवरची फुली तेवढी लाल पेनाने केलेली. दोन दिवसांनी वहिनींचं उत्तर आलं: "बिबट्यांना बुधवारी सुट्टी आहे ना?"

नानांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्याआधी त्यांना एकदा कात्रज बघायचंय, तिथे बॅटरीवरची गाडी मिळते म्हणून. ओवी यायला तयार झाली आहे, पण तिची अट आहे की 'आडोसा' या रकान्यातले गुण ती देणार आणि नानांनी त्यात बोलायचं नाही. वही तिच्याकडे दिली आहे. येत्या शनिवारी, कल्याणहून पहाटेची गाडी.