कॅमेरा बाजूला ठेवून

१३ फेब्रुवारी २०१६, सालमिया

परवाचं लग्न पहाटे तीनला आटोपलं. कुवेती लग्नात बायकांचा हॉल वेगळा असतो आणि तिथे फोटोग्राफरही बाईच लागते, त्यामुळे मला कामाची ददात नाही. निघताना मेमरी कार्डं वधूच्या बहिणीच्या हातात ठेवायची. माझ्याकडे एकही फोटो राहत नाही आणि राहूही नये. अबाया, हिजाब उतरवून मोकळेपणी नाचणाऱ्या बायका आहेत त्या. पण उद्या कुणी म्हणालं, ‘तुझं काम दाखव,’ तर दाखवायला काय आहे? शाळेचे ग्रुप फोटो आणि एका हॉटेलच्या मेन्यूसाठी काढलेली बिर्याणी.

आज टायरची दुकानं आणि गॅरेजं ओलांडत शुवैखला गेले. आमेर हुनैदींनी २०११ मध्ये सुरू केलेलं कंटेम्पररी आर्ट प्लॅटफॉर्म अशा या वस्तीत आहे. सगळे ‘कॅप’ म्हणतात. तिथल्या पुस्तकांत फोटोग्राफर तारेक अल-घुसैन सापडले. जन्म इथलाच, १९६२चा, आईवडील पॅलेस्टिनी. २०१३ला व्हेनिस बिएनालेत कुवेतचं पहिलं दालन लागलं, त्यात शिल्पकार सामी मोहम्मद यांच्याबरोबर हे होते. त्यांच्या फोटोंत प्रचंड मोकळी जागा, एखादी सरकारी इमारत आणि त्यात कुठेतरी लहानसा माणूस. तो माणूस म्हणजे ते स्वतः. बराच वेळ एकाच पानाशी अडले. मी कुवेतमध्ये असंख्य फोटो काढलेत, पण एकाही फोटोत मी नाही. मोठी लेन्स घेऊन रस्त्यावर उभं राहायची तर हिंमतच होत नाही. २०१० मध्ये इथल्या एका वृत्तपत्राने डीएसएलआरवर बंदी आल्याची बातमी दिली आणि नंतर मागेही घेतली. बातमी गेली, धास्ती राहिली.

२२ जुलै २०१६

काल इथल्या मित्रिबाला ५४ अंश नोंदले गेले म्हणे. जून ते ऑगस्ट अकरा ते चार उघड्यावर काम करायला बंदी. माझं नवं काम, सायनोटाइपचे निळे प्रिंट, नेमकं त्याच वेळेचं!

सायनोटाइपला फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, एवढं बास. बाथरूममध्ये मंद पिवळ्या दिव्यात हे मिश्रण कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं, वर वस्तू ठेवून काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. जॉन हर्शलने १८४२ साली ही युक्ती काढली. कॅमेरा लागतच नाही. गच्चीवर सहा-सात मिनिटांत कागद हिरवट पिवळ्याचा राखाडी होतो. काच उचलायला मात्र ओव्हनचे हातमोजे लागतात.

खरी पंचाईत प्रिंट धुवायच्या पाण्याची. उन्हाळ्यात इथे थंडच्या नळाला कढत पाणी येतं, टाकी गच्चीवर तापलेली. म्हणून रात्रीच बादल्या भरून एसीच्या खोलीत ठेवते. पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकलं की निळा टिकतो, नाहीतर प्रिंट फिका पडतो.

आईला कोल्हापूरला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, “अगं, नीळ सांडली की काय कागदावर?”

१९ नोव्हेंबर २०१६

निळं झालं की काहीही छान दिसतं, हीच अडचण. खजुराचं पान ठेवा, छान. चमचा ठेवा, तोही छान. मैत्रिणी ‘वॉव’ म्हणतात आणि माझा संशय वाढतो. सगळ्या पानाफुलांना आजपासून सुट्टी.

१८ मार्च २०१७

इथली सुलतान गॅलरी १९६९ मध्ये नजात आणि गाझी सुलतान या बहीणभावांनी उघडली. १९९०च्या इराकी आक्रमणात बंद पडली, ती २००६ मध्ये फरीदा सुलतान यांनी पुन्हा सुरू केली. आता सबहानला, कारखान्यांच्या शेजारात. इथली कला गोदामांच्या आसऱ्याने जगते असं माझं मत होत चाललंय. चांगलंच आहे, पार्किंग मिळतं.

त्याच १९६९ला मुंबईत अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं. जे.जे.तून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानींनी तिथे फिल्म केल्या, कॅमेऱ्याशिवाय फोटोग्रामही केले. चित्रकार, फिल्मवाले, फोटोग्राफर एकाच ठिकाणी, एकमेकांच्या कामात नाक खुपसत. मला हेवा यंत्रांचा वाटत नाही, त्या नाक खुपसण्याचा वाटतो. इथे उद्घाटनाला लोक भेटतात, खजूर खातात, कौतुक करतात. ‘हे जमलेलं नाही’ असं कुणी म्हणत नाही.

२२ एप्रिल २०१७

लग्न संपल्यावर झाडणाऱ्या बाईला विचारून कचऱ्यातलं उचलून आणलं : टाचण्या, टिकल्या, वधूच्या डोक्यावरच्या पांढऱ्या नेटचा फाटका तुकडा. तो दुहेरी घडी करून कागदावर टाकला. काचेखाली दबला तिथे एकेक भोक मोजता येतं. घडी उचलली गेली तिथे जाळीवर जाळी चढून पाण्यासारख्या लाटा उठल्या. टाचण्या पांढऱ्याशुभ्र, सुरीसारख्या. धुळीच्या वाऱ्याने काच मध्येच सरकली, म्हणून एका टाचणीला दोन कडा आल्या. छान दिसत नाही हे. पहिल्यांदाच काढून टाकावंसं वाटलं नाही.

९ नोव्हेंबर २०१९

कॅनडाच्या आर्थर एरिक्सनने आखलेली इथली अल-सवाबर वसाहत यंदा पाडायला घेतली. रहिवासी गेल्यावर तारेक अल-घुसैननी तिथल्या घरांतून मागे राहिलेल्या वस्तूंचे फोटो काढले होते. माणसं नाहीत, पण माणसांनी काय टाकून दिलं ते आहे. बायकांच्या हॉलमधून मी तेच उचलत होते, हे त्यांचे फोटो पुन्हा बघताना उमगलं.

एका वधूच्या थोरल्या बहिणीने माझ्या फोनवर नेटचा प्रिंट पाहिला. म्हणाली, “चेहरा नाही ना? मग दिवाणखान्यात लावता येईल.” वधूची संपूर्ण नेट हवी आहे, एकाच कागदावर, माणसाच्या उंचीची. इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, शुक्रवारी गच्चीची किल्ली द्यायचं कबूल केलंय. काच शुवैखहून आणायची, कागद जोडावा लागेल, धुवायला मुलांचा फुगवायचा टब चालेल. दर किती सांगू? लग्नाच्या फोटोंचा दर तोंडपाठ आहे. याचा विचारायला कुणी नाही. साठ दिनार म्हणून बघते.