मानपान आणि क्रूस

मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. येशू यरुशलेमच्या वाटेवर आहे. तिथे आपल्याला मारणार आहेत, हे त्याने बारा जणांना नुकतंच तिसऱ्यांदा सांगितलंय. आणि लगेच जब्दीचे दोघे मुलगे, याकोब आणि योहान, पुढे सरकतात: तुझं राज्य आलं की आमच्यातल्या एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. मत्तयाने हीच हकिकत सांगताना मागणी त्यांच्या आईच्या तोंडी घातली आहे. शिष्यांची लाज राखावी म्हणून असेल. बाकीचे दहा जण चिडतात. तत्त्वासाठी चिडले असतील असं काही मला वाटत नाही. या दोघांनी नंबर आधी लावला, ही त्यांची तक्रार.

येशू मात्र रागवत नाही. मोठं व्हावंसं वाटणं वाईट, असंही तो म्हणत नाही. मोठं व्हायचंय ना, मग सगळ्यांची चाकरी कर, एवढंच. हौस तशीच राहू दिली, वाट तेवढी बदलली. पुढची सगळी पंचाईत इथूनच सुरू होते. चाकरीतून मोठेपण मिळतं हे एकदा कळलं की माणूस चाकरीही त्याच हिशेबाने करायला लागतो.

उजवी-डावी जागा शेवटी मिळाली ती दोन लुटारूंना, क्रुसांवर.

*

पाय धुण्याची गोष्ट एकटा योहान सांगतो, आणि आपल्यात मोठा कोण हा शिष्यांचा वाद त्याच शेवटच्या भोजनात घालतो तो लूक. दोन्ही एकत्र वाचावं. पेत्र आधी पाय पुढे करायलाच तयार नाही. मग करतो तर हात आणि डोकंही धू म्हणतो. नको म्हणण्यात पहिला, हवं म्हणण्यातही पहिला! यहूदाचेही पाय त्याच रात्री धुतले गेले. तो काय म्हणाला, याची नोंद नाही.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण पाय घरून स्वच्छ धुऊन येतात. बारांत नाव लागणं हा मान असतो, आणि मान आला की मानपान आलाच.

*

संत सिमियोन सीरियात खांबावर राहायचा. एका खांबावरून आणखी उंच खांबावर, असं करत करत छत्तीस-सदतीस वर्षं. इ. स. ४५९ मध्ये तिथेच वारला. हा त्याग की तमाशा, असा प्रश्न वाळवंटातल्या वडीलधाऱ्या तपस्व्यांनाही पडला होता. त्यांनी माणूस पाठवला: त्याला सांगा, खाली उतर. उतरायला लागला तर राहू दे वर. हटून बसला तर ओढून काढा. निरोप ऐकताच सिमियोनने पाय खाली टाकला. माझ्या मते गोष्टीतले खरे शहाणे ते वडीलधारे.

*

कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाने विश्वव्यापी ही पदवी लावली, तेव्हा रोमचे पोप ग्रेगरी संतापले. स्वतःला ते देवाच्या दासांचा दास म्हणवत. त्यांच्यानंतर पोपच्या पत्रांवर हीच उपाधी रूढ झाली. इतिहास त्यांना थोर ग्रेगरी म्हणतो.

*

टी. एस. एलियटचं १९३५ चं ‘मर्डर इन द कॅथेड्रल’ हे नाटक आर्चबिशप थॉमस बेकेटवर आहे. त्याला चार जण मोह घालायला येतात. सुख, सत्ता, सरदारांशी हातमिळवणी, ही पहिल्या तिघांची आमिषं तो झटकून टाकतो. चौथा म्हणतो, जा, मर, हुतात्मा हो, थडग्यापुढे राजेही झुकतील. बेकेट गडबडतो, कारण हा त्याच्याच मनातलं बोलतोय. नाटकाबाहेरही तसंच घडलं. ११७० मध्ये कँटरबरीत बेकेटचा खून झाला आणि ११७४ मध्ये दुसरा हेन्री अनवाणी चालत त्या थडग्याशी गेला. चौथ्याचं काही चुकलं नव्हतं.

*

पंडिता रमाबाईंचा प्रवास उलट दिशेचा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. तेव्हा त्या विशीत होत्या. एवढा मान मिळालेली बाई पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या अनाथ मुलींचा संसार उभा करते आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणते. तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत, पांडित्य मुद्दाम बाजूला सारून. छपाई केडगावच्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, बायबल त्यानंतर छापून पुरं झालं. आज ते वाचणारे मोजकेच, चर्चमध्ये दुसरं भाषांतर चालतं. तरी पांडित्याचा इतका बिनबोभाट खर्च मराठीत दुसरा मला माहीत नाही.

*

फादर डेमियन. बेल्जियमच्या त्रेमेलो गावचा शेतकऱ्याचा मुलगा. हवाईला जायचा होता तो थोरला भाऊ. तो आजारी पडला तेव्हा या पठ्ठ्याने वरिष्ठांना वळसा घालून थेट पॅरिसला पत्र लिहिलं, मला पाठवा. १८६४ मध्ये तो पोचला. मोलोकाई बेटावरच्या कालाउपापाला हवाईचं सरकार कुष्ठरोग्यांना नेऊन टाकत असे. मागे उभे कडे, पुढे समुद्र. १० मे १८७३ ला डेमियन तिथे उतरला. पाळीपाळीने चौघे पाद्री जाणार, असं ठरलं होतं. हा राहिलाच. पहिले काही दिवस झाडाखाली झोपला.

होनोलुलूच्या वर्तमानपत्रांनी लगेच त्याला वीर ठरवलं. पुढे त्याची पत्रं युरोपात छापली जायला लागली, पैसे येऊ लागले. प्रसिद्धीची हाव, असं त्याचेच वरिष्ठ म्हणाले. हाव थोडी असेलही. पण तो शवपेट्या ठोकायचा, जखमा धुवायचा, घरांना फळ्या मारायचा. कुजलेल्या मांसाचा वास सहन होईना म्हणून पाइप ओढायला लागला. जेवण रोग्यांबरोबर एकाच भांड्यातून.

बेटाबाहेर जायची त्याला बंदी झाली. वरिष्ठ जहाजातून आले, तर त्यांनाही उतरू दिलं नाही. डेमियन होडीत उभा राहिला आणि पापकबुली म्हणून त्याने आपली पापं वर ओरडून सांगितली, डेकवरच्या लोकांदेखत. फ्रेंचमध्ये, तेवढाच आडोसा. मोठेपणाची हौस असलेल्या माणसाला याहून चांगलं औषध नाही.

१८८४ च्या डिसेंबरात त्याने कढत पाण्यात पाय बुडवला. कातडीला फोड आले, दुखलं काहीच नाही. रोग आपल्यालाही लागलाय, हे तेव्हा त्याला कळलं. १८८९ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला.

लगेच होनोलुलूच्या एका प्रॉटेस्टंट पाद्र्याचं, रेव्हरंड हाइड यांचं, पत्र छापून आलं: डेमियन अडाणी, गलिच्छ, हेकट, त्याचं एवढं काय कौतुक. उत्तर दिलं कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने. डेमियन वारल्यावर सुमारे महिन्याभराने तो कालाउपापाला राहून आला होता. गंमत म्हणजे त्याने बहुतेक आरोप मान्य केले. गलिच्छ होता, हेकट होता, हुकूम सोडायचा. आणि तुम्ही होनोलुलूच्या चांगल्या घरात बसून होतात, तेव्हा तो तिथे होता. डेमियनवर इतकं खरं पुढे त्याला संत करताना कोणी बोललं असेल, असं वाटत नाही.

*

डेमियन असतानाच, १८८६ मध्ये, तिथे जोसेफ डटन नावाचा अमेरिकन आला. यादवी युद्धातला सैनिक, नंतर दारूत बुडालेला. पाद्री नव्हे, पगार नाही, फक्त प्रायश्चित्त करायचं होतं. त्यासाठी लपून राहायला याहून चांगली जागा जगात नव्हती. १९०८ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टने अमेरिकेच्या सोळा युद्धनौकांचा ताफा मोलोकाईवरून वळवला. कारण एकच, डटनला सलामी. ताफा पुढे निघून गेला, आणि डटन आणखी वीसेक वर्षं तिथेच पट्ट्या बांधत राहिला.