पांढऱ्या वाटेवरचा चढ

वाचकहो, इटलीच्या नकाशावर फ्लॉरेन्स आणि सिएना ही दोन शहरे शोधा. त्यांच्या मधला डोंगराळ पट्टा म्हणजे कियांती. उतारांवर द्राक्षवेली, मध्ये ऑलिव्हची राखाडी-हिरवी झाडे, माथ्यावर ओकची राने, आणि या सर्वांतून वळणे घेत जाणारे पांढरे कच्चे रस्ते. बारीक खडी दाबून केलेल्या या वाटांना तेथील लोक ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, असेच म्हणतात. गेल्या वर्षी सप्टेंबरअखेरीस मी तेथे चार दिवस सायकल चालवली. सोबत माझा थोरला भाऊ होता. दादाचे वय 69. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. निफाड तालुक्यात आयुष्यभर द्राक्षबाग केलेल्या या माणसाला परदेशातील बागा पाहायच्या होत्या, आणि त्याही मोटारीच्या काचेतून नव्हे.

या वाटांना मान मिळवून दिला तो सायकलस्वारांनी. सगळीकडे डांबर पसरू लागले तेव्हा हे रस्ते टिकावेत या हेतूने गायोले या छोट्या गावातून 1997 साली ‘लेरोइका’ नावाची सहल सुरू झाली. 1987 पूर्वीच्या घडणीच्या सायकलींसाठी ती ओळखली जाते. सर्वांत लांब मार्ग 209 किलोमीटरचा असला, तरी बेताच्या दमाच्या लोकांसाठी लहान मार्गही आखलेले असतात. आम्ही त्या सहलीत नव्हतो. दिवसाला 25 ते 30 किलोमीटर एवढाच आमचा आवाका ठरला होता.

अशा वाटेसाठी ग्रॅव्हल सायकल वापरतात. तिचे टायर शर्यतीच्या सायकलीपेक्षा बरेच रुंद असतात, हवा थोडी कमी ठेवतात आणि चढासाठी हलके गिअर असतात. तरीही खडीची थरथर तळव्यांतून थेट खांद्यापर्यंत पोहोचते. तळहाताच्या कडेची नस सतत दाबली गेल्याने करंगळी व अनामिका बधिर होतात. पकड वारंवार बदलणे आणि जाड हातमोजे वापरणे हाच त्यावरचा साधा उपाय.

पहिल्या दिवशी आम्ही ब्रोलिओच्या गढीकडे निघालो. सुरूच्या उंच झाडांच्या रांगेतून वर जाणारी ही वाट दिसायला चित्रासारखी, पायांना मात्र निर्दय. मागचे चाक खडीवर सरकते, म्हणून उभे राहून जोर लावता येत नाही. बसूनच, संथ लयीत चढावे लागते. ही गढी रिकासोली घराण्याची. याच घराण्यातील बेत्तिनो रिकासोली इटलीचे दोनदा पंतप्रधान झाले, आणि 1872 मध्ये कियांती वाइनचे मिश्रण कसे असावे हेही त्यांनीच लिहून ठेवले. दादाला या इतिहासापेक्षा वेलींमध्ये अधिक रस होता. ‘‘आपल्या मांडवापुढे या वेली किती बुटक्या! आणि जमीन बघ, नुसता मुरूम-दगड,’’ असे म्हणत तो दर वळणावर उतरे. सांजोवेझे जातीच्या काळ्या घडांची तोडणी सुरू होती. त्याचे हे उतरणे कुतूहलापोटी आहे असे मी समजत होतो.

दादाला बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू आहे. या गोळीमुळे श्रम करूनही नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकडा फसवा ठरतो. म्हणून मी बोलण्याची कसोटी वापरत होतो. पेडल मारताना पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग योग्य. दोन शब्दांवर श्वास तुटला की उतरून चालायचे. हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी, ताणचाचणीचा अहवाल, मोजून भरलेल्या गोळ्या, सारे माझ्या पिशवीत होते. डॉक्टर भावाने आणखी काय करायचे असते, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी राद्दा गावाजवळचा चढ संपवून आम्ही भर उन्हात थांबलो. दादा सायकलीवरून उतरला, दोन पावले चालला आणि भिंत धरून खाली बसला. चेहरा पांढराफटक, कपाळावर थंड घाम. छातीत दुखत नव्हते, श्वास ठीक होता, नाडी मंद पण नियमित होती. मी त्याला ऑलिव्हच्या सावलीत आडवे केले, पाय सायकलीच्या पिशवीवर उंच ठेवले. दहा मिनिटांनी रंग परतला. मग घोटाघोटाने क्षारसंजीवनीचे पाणी दिले. त्याची पाण्याची बाटली उचलली, ती सकाळी भरली तशीच होती.

‘‘दादा, पाणी का नाही प्यायलास?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘दर अर्ध्या तासाला लघवीला जावे लागते रे. अनोळखी देश, सगळ्यांना किती वेळा थांबवायचे?’’

वाचकहो, हे उत्तर मी दवाखान्यात अनेकदा ऐकले आहे. घरात मात्र एकदाही विचारले नव्हते. दर वळणावरचे ते उतरणे केवळ वेली पाहण्यासाठी नव्हते. प्रोस्टेटचा त्रास, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि वयाबरोबर मंदावलेली तहान. अशा स्थितीत शरीरातील पाणी कमी होते, आणि चढानंतर एकदम थांबल्यावर रक्त पायांत साचून रक्तदाब उतरतो. मी त्याच्या गोळ्या मोजल्या होत्या, त्याचा संकोच मोजला नव्हता.

त्या रात्री आम्ही नियम बदलले. दर वीस मिनिटांनी थांबायचे, आणि ‘मला थांबायचे आहे’ असे मीच म्हणायचे. पाणी थोडे थोडे, तहानेची वाट न पाहता. चढ संपताच न थांबता काही मिनिटे हळू पेडल मारायचे. गोळीच्या वेळेबद्दल त्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. स्वतःच्या मनाने काही बदलले नाही. तिसरा दिवस विश्रांतीचा ठेवला. दादासाठी विजेवर साहाय्य करणारी सायकल भाड्याने घेतली. तिच्यातही पेडल मारावेच लागते, चढाचा भार तेवढा हलका होतो.

जेवणाच्या वेळी वाटाड्याने इथली एक दंतकथा सांगितली. फ्लॉरेन्स आणि सिएना यांची सीमा ठरवण्यासाठी दोन घोडेस्वारांनी कोंबडा आरवताच निघायचे होते. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. तो पहाटेपूर्वीच आरवला आणि त्यांना अधिक भूमी मिळाली. कियांती क्लासिकोच्या बाटल्यांवर आजही तो काळा कोंबडा दिसतो. दादा हसून म्हणाला, ‘‘कोंबडा उपाशी ठेवून राज्य मिळते, म्हातारा तहानलेला ठेवून नाही.’’ त्याने ग्लास मात्र पाण्याचाच उचलला. हृदयासाठी वाइन औषध आहे, असा समज कोणी बाळगू नये.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा ब्रोलिओची वाट धरली. शेवटच्या उभ्या टप्प्यावर दादा उतरला आणि सायकल हाताने ढकलत चालू लागला. मीही उतरलो. वर पोहोचल्यावर खाली वेलींच्या रांगा आणि दूरवर सिएनाच्या दिशेचे डोंगर दिसत होते. एक बाटली रिकामी झाली होती, दुसरी अर्धी.

आपल्या घरातील ज्येष्ठांना कियांतीला न्यावे असे माझे सांगणे नाही. पण गावाकडचा देवीचा डोंगर असो वा सोसायटीच्या बागेतील फेरी, निघण्यापूर्वी औषधांच्या यादीसोबत एक प्रश्न एकांतात जरूर विचारा, ‘‘पाणी पिण्याचे टाळतोस का? कशासाठी?’’ उत्तर मिळायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा. आणि ज्येष्ठ वाचकहो, तुमच्यासाठी थांबणाऱ्यांना तुम्ही अडवत नसता. सांगितले नाही, तर मात्र त्यांची वाट चुकते. छातीत दुखले, श्वास लागला किंवा शुद्ध हरपली, तर क्षणही न दवडता 112 वर फोन करा. हा क्रमांक इटलीतही चालतो आणि आपल्याकडेही.