राखीव मुक्काम

प्रवासाला निघणाऱ्या मनुष्याने वस्तुतः दोन प्रवासांची तयारी करावयास हवी. एक ठरल्याप्रमाणे पार पडणारा, आणि दुसरा, पहिला पार न पडल्यामुळे पदरी येणारा. पहिल्याची तिकिटे असतात, वेळापत्रक असते, त्याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी चार शब्द बोलताही येते. दुसऱ्याचे तसे नाही. तो बहुधा परक्या शहरात, दिवस मावळताना, सामानाच्या ढिगाशेजारी उभे असता सुरू होतो. आणि त्यातला पहिला प्रश्न अगदी साधा असतो: आज रात्री पाठ कोठे टेकावयाची?

हा प्रश्न समुद्राच्या निमित्ताने मालेगावात निघावा, यात थोडी गंमत आहे. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले. अकोल्याहून वाशीमला जाणारा आणि नागपूरहून मेहकरकडे जाणारा असे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात. भोवती सोयाबीन आणि तूर. समुद्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. शिवाय येथल्या मनुष्याला बाहेर नुसते ‘मालेगाव’ म्हणून भागत नाही. मुंबईत मुक्कामाची चौकशी करीत असता दूरध्वनीवरील गृहस्थांनी गावाचे नाव ऐकताच मला धीर दिला, “मग काळजी कसली? जहाज नाही निघाले तर रात्री घरी जेवायला पोहोचाल!” त्यांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातले मालेगाव होते. मुंबईपासून ते आमच्याहून सुमारे निम्म्याच अंतरावर. त्या मालेगावच्या मनुष्याला परतीची वाट पुरते. या मालेगावच्या मनुष्याला रात्रीचा निवारा लागतो.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून गोव्याला जहाजाने जावयाचे आमच्या घरी ठरले. आईने शहात्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. तिकिटे हाती येताच मी एक कोरी वही काढली, तिच्या पहिल्या पानावर ‘जहाज न निघाल्यास’ असा मथळा घातला आणि टिपणे करू लागलो. घरात त्या वहीचे फारसे स्वागत झाले नाही. सौभाग्यवतींनी तिचे ‘अपशकुनाची वही’ असे नामकरण केले. कार्याला आरंभ होण्यापूर्वीच नाट लावू नये, हा आपल्याकडचा जुना संकेत आहे.

परंतु समुद्राशी ज्यांचा नित्याचा व्यवहार, ते असल्या तयारीला अपशकुन मानीत नाहीत. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंदच असत, आणि किनाऱ्यावरची सारी गावे आपले येणेजाणे त्या बेताने ठेवीत. आजही गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँची पावसाळ्यात थांबतात. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जावयास निघाली आणि मुंबईपासून जवळच बुडाली; सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘आज बोट सुटणार नाही’ ही पाटी वाचून चडफडणाऱ्याने ही तारीख आठवावी. आणि धोका केवळ पावसाळ्यातच असतो असेही नाही. ‘फयान’ वादळ किनाऱ्याला धडकले ते ११ नोव्हेंबर २००९ ला, म्हणजे आपण ज्याला सहलीचे दिवस म्हणतो त्या दिवसांत. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ने अरबी समुद्र असाच घुसळून काढला.

सहलीच्या जहाजांचा आपल्याकडील इतिहास तर फारच थोडा, आणि तोही अडखळतच चाललेला. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारी ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा मार्गावर आली २०१८ च्या ऑक्टोबरात. ‘कर्णिका’ हे मोठे जहाज मुंबईहून फिरू लागले २०१९ मध्ये. २०२० च्या मार्चात कोरोनाने सारेच थांबविले, आणि त्याच वर्षी ‘कर्णिका’ तोडण्यासाठी अलंगच्या किनाऱ्यावर गेली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून सुमारे दोन हजार माणसे घेऊन गेलेल्या एका जहाजावर गोव्यात ६६ जण बाधित आढळले, आणि ते जहाज मुंबईस परत आले. म्हणजे जहाज निघाले तरी पोहोचेलच, आणि पोहोचले तरी उतरता येईलच, असे नाही. हे सारे ठाऊक असता वही न उघडणे, याला श्रद्धा म्हणावे की आळस?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर एकेकट्याने शोधले नाही. गोव्यातील ख्रिस्ती खलाशांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. जहाजावर नोकरी करणारा गोवेकर मुंबईला येई तेव्हा त्याचे जहाज केव्हा लागेल, केव्हा सुटेल, की दुसऱ्याच जहाजाची वाट पाहावी लागेल, यातले काहीच निश्चित नसे. म्हणून गोव्यातील गावांनी मुंबईत आपापल्या ‘कुडी’ स्थापन केल्या. कूड म्हणजे खोली. ज्या गावचा खलाशी, त्या गावची कूड. तेथे त्याची ट्रंक ठेवावयाची, अल्प भाड्यात पथारी पसरावयाची, संध्याकाळी सर्वांबरोबर प्रार्थनेला बसावयाचे आणि जहाजाची वाट पाहावयाची. धोबी तलावाच्या परिसरात अशा कितीतरी कुडी नांदल्या. अख्ख्या गावाने मिळून आपल्या माणसांसाठी राखून ठेवलेला तो मुक्काम होता.

आम्हां वऱ्हाडकरांची मुंबईत अशी कूड नाही. असलीच तर आमदार निवासातील एखादी खोली, आणि तीसुद्धा ओळख असेल तर! मात्र निवाऱ्याचे मोल आमच्या प्रांताला कळले नाही असे म्हणता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःसाठी घर बांधले नाही. परंतु पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे परक्यांसाठी धर्मशाळा उभारल्या. आमच्या तालुक्यातील शिरपूरचे उदाहरण तर याहून जवळचे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला दोन पंथांच्या वादामुळे १९८१ मध्ये कुलूप पडले, ते निघाले २०२३ मध्ये. या बेचाळीस वर्षांत दर्शनाची वाट अडली, तरी यात्रेकरूंचे येणे थांबले नाही, कारण गावात त्यांना उतरावयास धर्मशाळा होत्या. ज्या कार्यासाठी यावे ते न घडले तरी आलेल्याला छप्पर मिळावे, हा धर्मशाळेच्या मुळाशी असलेला विचार मला दर्शनाइतकाच पवित्र वाटतो.

आता कुडी थोड्या राहिल्या आणि धर्मशाळांनाही खोली आधी राखून ठेवा अशी सवय लागली. तेव्हा हा उद्योग ज्याचा त्याने करावयाचा. माझ्या वहीत प्रथम एक गोष्ट स्पष्ट झाली: जहाज रद्द झाल्याची बातमी आपल्याला कोठे गाठील, त्यावर मुक्काम ठरतो. घरून निघण्यापूर्वी गाठले तर प्रश्नच नाही. वळकटी सोडावी आणि जेवावयास बसावे. वाटेत, समृद्धी महामार्गावर गाठले तर शिर्डीला थांबावे, भक्तनिवास पाहावे आणि सकाळी माघारी फिरावे. मुंबईत, ऐन बंदरावर गाठले तर मात्र खोली हाताशी हवी. तीही दादरच्या आसपास, म्हणजे अकोल्याकडची गाडी धरणे सोपे. आणि उद्वाहक चालू असलेल्या इमारतीत, कारण आईचे गुडघे. गोव्याहून परतताना जहाज अडले तर मडगावला एक रात्र आणि तेथून १९९८ पासून सलग सुरू झालेली कोकण रेल्वे. आगगाडीचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी मिळते. जहाज रद्द झाल्यावर त्या खिडकीशी जाणाऱ्याच्या नशिबी प्रतीक्षायादीच.

एवढे लिहून झाल्यावर खरी गोम ध्यानात आली. भाडे परत मिळण्याच्या अटीवर खोली सोडावयाची तर ती आदल्या संध्याकाळपर्यंत सोडावी लागे. आणि जहाजाचे खरेखोटे ठरावयाचे दुसऱ्या दिवशी दुपारी. जहाजवाले फार तर आपले भाडे परत करतील. रात्रीची जबाबदारी त्यांची नव्हे, हे तिकिटाच्या पाठीवरील बारीक अक्षरांत लिहिलेलेच असते. म्हणजे जो मुक्काम फुकट सोडता येतो तो ऐन वेळी आपला नसतो. आणि जो ऐन वेळी आपला असतो त्याची किंमत आधीच मोजलेली असते. निर्धास्तपणा कधी फुकट मिळत नाही.

या पेचातून सुटण्यासाठी मनुष्य अखेर जेथे जातो तेथे मीही गेलो. डोंबिवलीस माझी मावशी राहते. आईहून चार वर्षांनी वडील. मी तिला दूरध्वनी केला आणि शक्य तितक्या नम्रपणे सांगितले की, जहाज सुटले तर प्रश्नच नाही, न सुटले तर मात्र आम्ही एका रात्रीसाठी तुझ्याकडे येऊ. पलीकडे क्षणभर शांतता. मग मावशी म्हणाली, “म्हणजे तुझ्या आईने माझ्याकडे यावे अशी इच्छा असेल तर मी जहाज बुडण्याची प्रार्थना करू का रे?”

यावर उत्तर देण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते. राखीव खोलीला आपण केवळ गरजेपुरते आठवतो याचे वाईट वाटत नाही, मनुष्याला वाटते. संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. वहीकडे पाहत तिने हळूच विचारले, “ते जहाज नाहीच निघालं, तर ताईकडे किती दिवस राहता येईल?” दोघी बहिणींची भेट होऊन सहा वर्षे झाली होती. ज्या पानावर मी संकटाची सोय लिहीत होतो, त्या पानावर आई आपली इच्छा वाचीत होती.

त्याच रात्री मी वहीतला क्रम फिरविला. जहाजाच्या तीन दिवस आधी निघावयाचे आणि प्रथम डोंबिवलीस उतरावयाचे. व्यवहाराच्या दृष्टीनेही याहून शहाणा बेत नव्हता. जो आधीच पोहोचला त्याला वाटेतला बिघाड, चुकलेली गाडी, बदललेली वेळ, कशाचेच भय उरत नाही. जहाज वेळेवर सुटले. आईने समुद्र पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि “एवढं पाणी, अन् पिकाला कामाचं नाही,” असे वऱ्हाडी मत दिले. मावशीने मात्र जहाज बंदराबाहेर गेल्याचे आम्ही कळवीपर्यंत आमच्या गाद्या उचलल्या नव्हत्या, आणि रात्रीच्या तांदळांत चार मुठी जास्त धुऊन ठेवल्या होत्या.

‘कदाचित’ येणाऱ्यांसाठी शिजविलेला तो भात त्या घरी दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन संपविण्यात आला असेल. त्याची नोंद माझ्या वहीत नाही, आणि त्याचे भाडे कोणत्याही अटीवर परत करता येत नाही. राखून ठेवलेल्या निवाऱ्याचा हिशेब करताना आपण नेहमी आपल्या गरजेकडून करतो: किती रात्री, किती रुपये, किती वाजेपर्यंत. त्याची दुसरी बाजू दार उघडे ठेवून बसणाऱ्याची आहे. गावाने खलाशासाठी कूड राखावी, गाडगेबाबांनी वाटसरूसाठी धर्मशाळा उभारावी, बहिणीने बहिणीसाठी गादी पसरून ठेवावी. यांपैकी कोणालाही समोरचा येईलच अशी खात्री नसते. ज्यांना असे एखादे दार ठाऊक आहे त्यांनी आपल्या वहीत ते अवश्य लिहावे, परंतु ‘न निघाल्यास’ या मथळ्याखाली नव्हे.