चारोळीचं माहेर

मैत्रिणींनो, श्रीखंडावर आणि बासुंदीत चारोळी आपण सगळ्याच घालतो. पण चारोळीचं फळ तुमच्यापैकी किती जणींनी खाल्लंय? मी रत्नागिरीची. आमच्याकडे चारोळी म्हणजे पुडीत बांधून डब्याच्या तळाशी जपलेली, सणापुरती बाहेर निघणारी चीज. ती झाडाला लागते की जमिनीखाली येते, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

यांची बदली गडचिरोलीला झाली तेव्हा माहेरी अशी काही शोककळा पसरली, की जणू मी साता समुद्रापलीकडेच निघाले होते. "जंगलात तुला खायला काय गं मिळणार?" ही आईची पहिली काळजी. आणि खरं सांगू का, माझ्या दृष्टीनं तो परदेशच होता. समुद्र नाही, नारळ नाही, भाषा मराठीच, पण निम्मी कळायची नाही. त्यात मे महिन्यातलं इकडचं ऊन! पारा 45-46 अंशांवर, त्यामुळे बाजार काय तो सकाळीच उरकायचा.

अशाच एका सकाळी रस्त्याच्या कडेला एक म्हातारी टोपली घेऊन बसलेली दिसली. पळसाच्या पानांच्या द्रोणात काळी काळी, वाटाण्याहून जराशी मोठी फळं. मला वाटलं, करवंदं! माहेरच भेटल्यासारखं झालं. भाव विचारला, तर ती हसली. "करवंदं नाही वो बाई, चारं आहेत. चाखून तं पाय."

एक तोंडात टाकलं. पातळ साल, जेमतेम गर, पण काय त्याची गोडी! किंचित आंबूस, त्यामुळे एकावर थांबवत नाही. आत मात्र टणक बी. ती कुठे टाकावी म्हणून मी इकडेतिकडे पाहू लागले, तशी म्हातारी म्हणाली, "फेकू नको बाई, चारोळी त्यातच राहते." चाराच्या आतली ती चारोळी! इतका सरळ शब्द, आणि इतकी वर्षं कानावरून नुसता जात होता.

मग मी पुस्तकं धुंडाळली. आंबा, काजू आणि चार ही एकाच कुळातली झाडं. म्हणजे माझ्या अंगणातल्या झाडांचा हा रानातला चुलतभाऊच की! कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तला प्रियाल तो हाच. बी.ए.ला असताना संस्कृतच्या तासाला नाव ऐकलं होतं, चव मात्र इथे रस्त्यावर कळली.

हे फळ आपल्या शहरांत का येत नाही, तर ते टिकत नाही. एक-दोन दिवसांत मऊ पडून आंबायला लागतं. प्रवास करते ती फक्त आतली बी. फळं भिजत घालायची, चोळून साल-गर काढायचा, बिया धुऊन वाळवायच्या आणि मग जात्यावर हलक्या हातानं भरडून कवच फोडायचं. जोर जास्त लागला की चारोळीचा चुरा. टोपलीभर फळांतून हाती लागते ती ओंजळभर. दुकानात भाव ऐकून मीसुद्धा "बाई गं!" म्हणायची, आता तेवढ्या जोरानं म्हणवत नाही.

पूर्वी मध्य भारतातल्या जंगलांत ही चारोळी मिठाच्या बदल्यात दिली जाई. मापाला माप! आता तसं राहिलेलं नाही. 2006च्या वनहक्क कायद्यानं अशा वनोपजावर गावकऱ्यांचा हक्क मान्य केला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक हक्क मिळाला. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीतही चारोळीची बी आहे. पण मला भीती वाटते ती वेगळीच. भाव चांगला म्हणून फळं पिकायच्या आधीच ओरबाडली जातात. आधी पोचेल त्याचं झाड. कधी फांदीच तोडून खाली आणतात. कच्च्या फळातली चारोळी बारीक निघते आणि पिकून खाली पडायला बी उरत नाही, मग नवी रोपं उगवायची कुठून? म्हातारी म्हणत होती, पूर्वी गावामागेच चारं मिळत, आता उन्हं चढेस्तोवर चालावं लागतं.

म्हणून मी काय करते, तर पिकलेली, काळी चारं असतील तरच घेते, हिरवट असली तर "पिकू दे आजी, मग घेईन" म्हणते. आणि वर्षाची चारोळी तिच्याच ओळखीनं फोडून घेते. तुम्हीही घेताना एक दाणा चावून पाहा. चारोळीत निम्मं तेलच असतं, म्हणून ती लवकर खवट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, जमल्यास फ्रिजमध्ये ठेवावी आणि लागेल तेवढीच काढावी.

इकडच्या काही मैत्रिणी अजून नाक मुरडतात. रस्त्यावरचं, रानातलं आपण नाही खात, म्हणतात. त्यांच्याच घरी सत्यनारायणाच्या शिऱ्यात चारोळी असते बरं का!

रत्नागिरीच्या वहिनीनं मात्र "पार्सलनं चारं पाठव" म्हणून हट्टच धरला. ते शक्य नव्हतं, तेव्हा न फोडलेल्या वाळक्या बिया पाठवल्या. तिनं अंगणात बसून बत्त्यानं त्या फोडल्या आणि फोन केला, "अगं, ही तर आपल्या काजूची धाकटी बहीण!" चार बिया तिनं कुंडीत लावल्या आहेत. अजून कोंब आलेला नाही. आला की कळवीन.