नवं नको, जुनं चालेल

बाळ येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही आणू नये, असं आपल्याकडे मानतात. पहिलं बाळंतपण माहेरी, हाताशी दहा माणसं. तिथे हे निभतं. इथे आम्ही दोघंच, त्यात माझी नोकरी चांगी बिझनेस पार्कमध्ये. बाळाची जन्मनोंद ४२ दिवसांत करायची, म्हणजे बाळंतिणीच्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीतच ही धावपळ. मग भारतीय पासपोर्ट, इथला पास. तयारी न करून कसं चालेल?

ऑफिसातली चिनी सहकारी हसली. त्यांच्याकडे गरोदरपणात भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत! पण बाळंतिणीची महिनाभर काळजी घ्यायला येणारी बाई मात्र कित्येक महिने आधी ठरवून ठेवतात. धास्ती वस्तूंची, माणसांची सोय आधीच केलेली बरी.

आपल्याकडेही तशी वाट आहेच. बाळाला आधी जुन्या, मऊ कापडात गुंडाळतात. म्हणून पाळणा आणि नवे कपडे यांची नुसती यादी केली. डिंक, अळीव डब्यात भरून ठेवले. सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांची सहा दुपटी शिवून पाठवली. त्यांचं तिकीट तारखेनंतरचं आहे. दुपटी कपाटात आहेत. बायको मधूनच एखादं काढून त्याचा वास घेते.