फेसाचा हिशेब

दाढीच्या क्रीमवर सोळाशे रुपये खर्च करणारा माणूस आमच्या घराण्यात माझ्याआधी झाला नसावा. आजोबा अंगाच्या साबणाने दाढी करायचे. बाबांची ऐंशी रुपयांची ट्यूब मी शाळेत असल्यापासून एकाच कंपनीची आहे. फक्त तिच्यावरचा हसरा माणूस दर काही वर्षांनी बदलतो. मी कॉलेजपासून फोमचा डबा वापरत होतो. बटण दाबा, पांढरा ढग हातात घ्या, तोंडाला फासा, सात मिनिटांत बाहेर. सकाळी नऊची कंपनीची बस पकडायची असेल तर याहून सोयीचं काही नाही.

मग गेल्या वर्षी मानेवर लाल पुटकुळ्या यायला लागल्या. दाढीनंतर दुसऱ्या दिवशी कॉलर लागली तरी चुरचुरायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की केस कापल्यावर त्याचं टोक बाहेर यायच्या ऐवजी वळून कातडीत घुसतंय. मी इंटरनेटवर वाचायला बसलो, आणि तिथे दोन तासांत माझी खात्री पटवण्यात आली की दोष डब्याचा आहे. खानदानी इंग्लिश क्रीम आणि ब्रश घेतला की माणूस नवा होतो.

ही खानदानी क्रीमं हा एक मजेशीर प्रकार आहे. ट्रुफिट अँड हिल १८०५ सालचं, टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट १८५४ चं, ट्रम्पर १८७५ चं. टेलरचं दुकान आज ओल्ड बाँड स्ट्रीटवर नाहीच, लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर आहे. पण नावात पत्ता राहिला, आणि त्या पत्त्याचेही पैसे आपण देतो. मी चंदनाच्या वासाची दीडशे ग्रॅमची बरणी मागवली. म्हणजे चंदन लंडनला जाऊन वाघोलीत परत आलं. अर्थात खऱ्या चंदनाच्या तेलाचा भाव पाहता त्या बरणीत ते फारसं असेल असं मला वाटत नाही. लेबलवर नुसतं ‘पर्फ्युम’ लिहिलंय.

लेबल वाचायची सवय असेल तर पुढची गोष्ट लवकर लक्षात येते. घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असतात. मी बरणी आणि बाबांची ट्यूब शेजारी ठेवली, तर पहिली पाच-सहा नावं जवळजवळ तीच. पाणी, स्टीअरिक ॲसिड, खोबरेल तेलातून येणारी मेदाम्लं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन. दाढीचं क्रीम म्हणजे मुळात साबणच. सोडियमने केलेला साबण वडीसारखा घट्ट होतो, पोटॅशियमने केलेला मऊ राहतो, म्हणून तो ट्यूबमधून पिळता येतो. इथवर ऐंशी रुपये आणि सोळाशे रुपये एकाच वर्गात बसलेले आहेत. फरक पुढे आहे: मेदाम्लांचं आपसातलं प्रमाण, ग्लिसरीन किती, वास कोणता, आणि बरणी काचेची वाटावी इतकं जाड प्लास्टिक.

फोमच्या डब्यातही स्टीअरिक ॲसिडच असतं, पण बहुतेक डब्यांत ते ट्रायइथेनॉलअमाइनबरोबर येतं आणि सोबत आयसोब्युटेन आणि प्रोपेन. हे दोन वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. बटण दाबलं की बाहेर येताना त्यांचा पुन्हा वायू होतो आणि साबणाचं पाणी फुगतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्येही प्रोपेन आणि ब्युटेनच असतात, म्हणून डब्यावर आगीपासून लांब ठेवा असं लिहिलेलं असतं. तळहातावरच्या त्या ऐटदार ढगाचा बहुतेक भाग वायूचा. आणि वायू पात्याखाली वंगणाचं काम करत नाही. ते काम बुडबुड्यांच्या भिंतीतलं साबणाचं पाणी करतं.

पण वंगण हे फेसाचं दुसरं काम झालं. पहिलं काम केसात पाणी मुरवायचं. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. त्यातल्या केराटिनच्या साखळ्या एकमेकींना ज्या हायड्रोजन बंधांनी धरून असतात ते पाणी शिरलं की सैल पडतात, केस फुगतो आणि पात्याला कमी जोर लागतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि कोमट पाण्यात ते लवकर होतं. गावातल्या सलूनमध्ये काका आधी पाण्याचा फवारा मारतात, मग ब्रशने गोल गोल फिरवत राहतात, मध्येच टीव्हीवरची बातमी बघतात, कोणाशी तरी बोलतात, पुन्हा ब्रश. लहानपणी मला तो वेळकाढूपणा वाटायचा. त्या वेळात केस भिजतो. त्यांच्याकडची ट्यूब बाजारातली सगळ्यात स्वस्त असते आणि दाढी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होते.

तर मी पेशाला जागून चाचणी लावली. एका गालाला फोम, दुसऱ्याला क्रीम. उजव्या हाताने दाढी करणाऱ्याची एक बाजू जात्याच चांगली होते, म्हणून एक दिवसाआड बाजू बदलायची. दागिने तोलायचा छोटा काटा ऑनलाइन साडेतीनशेला मिळतो, तो घेतला. (घरात यावर जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) डोळे बांधून करायची चाचणी मात्र शक्य नव्हती, चंदनाचा वास कुठल्या गालाला येतोय हे नाकाला कळतंच.

पहिल्या दोन आठवड्यांत क्रीम हरत होतं. ब्रश फिरवला की सुरुवातीला फेस यायचा आणि मिनिटभरात बसायचा. तोंडावर पांढरट, चिकट, ताकासारखं काहीतरी उरायचं. सोळाशे रुपयांचं ताक. पण दिवाळीला कराडला घरी गेलो तेव्हा तीच बरणी, तोच ब्रश, आणि फेस असा आला की वाटीबाहेर सांडला. घरी नळाला नदीचं पाणी आहे. वाघोलीत आमच्या सोसायटीत टँकर येतो, आणि टँकरमध्ये बहुतेक वेळा बोअरचं पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो त्यात तोही असतो. फेस बनवण्याआधी साबणाला पाण्यातल्या कॅल्शियमशी हिशेब मिटवावा लागतो, आणि दीड ग्रॅम क्रीममध्ये साबण असतो तरी किती.

इथे डब्याची बाजू मांडली पाहिजे, कारण क्रीमवाले ती कधी मांडत नाहीत. डबा स्वतःचं पाणी घेऊन येतो. कारखान्यातलं, शुद्ध केलेलं. तुमच्या नळाला काय येतं याच्याशी त्याच्या फेसाला देणंघेणं नाही. हॉटेल, हॉस्टेल, टँकर, कुठेही तोच फेस. पुण्याच्या कडेला, जिथे पालिकेची लाइन अजून ‘येणार आहे’, तिथे लाखभर पगार घेणारी मुलं फोम का वापरतात याचं निम्मं उत्तर माझ्या मते आळस नसून पाणी आहे.

उपाय फुकटचा निघाला. स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं अर्धी वाटी पाणी थोडं कोमट करून घ्यायचं, ब्रश त्यातच भिजवायचा, फेस त्यातच करायचा. तोंड नंतर टँकरच्या पाण्याने धुतलं तरी चालतं. त्या दिवसापासून बरणी चालायला लागली. आणि, हे महत्त्वाचं आहे, बाबांची ऐंशी रुपयांची ट्यूबही तितकीच चालायला लागली.

त्याच दिवाळीत बाबा अंगणात घसरले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाबा जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. निवृत्त झाले तरी रोज सकाळी साडेसातला दाढी केल्याशिवाय ते चहाला बसत नाहीत. चौथ्या दिवशी आईने मला फोन करून हळूच सांगितलं की डाव्या हाताने करायला गेले आणि हनुवटीवर कापून घेतलं, आता कोणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतात. सलूनमध्ये चला म्हटलं तर नको. मी महिनाभर घरून काम मागून घेतलं.

दुसऱ्याची दाढी करणं हे वेगळंच काम आहे. स्वतःच्या गालावर पातं कुठे अडतंय हे आतून कळतं. दुसऱ्याच्या गालावर फक्त हाताला कळतं. साठी ओलांडलेल्या गालाची कातडी सैल असते, ती बोटांनी ताणून धरावी लागते. बाबांच्या चेहऱ्याला मी शेवटचा हात कधी लावला होता हे मला आठवेना. पहिल्या दिवशी मी डबा नेला होता. सोय म्हणून तो उत्तम. एका हाताने फेस काढता येतो, कपड्यांवर ओघळत नाही. पण बाबांनी डोळे मिटून सहन केलं. ‘गार लागतंय रे,’ एवढंच म्हणाले. डब्यातून बाहेर येताना वायू पसरतो आणि उष्णता शोषून घेतो, त्यामुळे फेस गार असतोच. शिवाय माझा मेन्थॉलवाला होता. मेन्थॉलने कातडी खरी गार होत नाही, थंडी ओळखणाऱ्या नसा जाग्या होतात. नोव्हेंबरातल्या सकाळी ते कोणालाही नको असतं.

दुसऱ्या दिवशी बरणी आणि ब्रश. कोमट पाणी, गालावर तीन मिनिटं ब्रश. बाबांचे खांदे खाली आले ते मला दिसले. ब्रश फिरत असताना त्यांनी माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदा सविस्तर विचारलं. तोंडाला फेस असल्यामुळे वाद घालता येत नव्हता, हाही एक फायदा. मग वास घेतला आणि विचारलं, ‘कितीला?’ मी सांगितलं. ते गप्प झाले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. थोड्या वेळाने म्हणाले, ‘किती दाढ्या होतात?’

लेखा विभागाचा माणूस. मी काट्याचे आकडे सांगितले. क्रीम एका दाढीला साधारण सव्वा ग्रॅम, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या एकशे वीस दाढ्या व्हाव्यात. वाया जाणारं धरून एकशे पंधरा. दाढीला चौदा रुपये. फोम एका वेळी सहा-सात ग्रॅम जातो; साडेतीनशे रुपयांच्या डब्यात साठेक दाढ्या, दाढीला सहा रुपये. बाबांची सत्तर ग्रॅमची ट्यूब, पंचावन्न दाढ्या, दाढीला दीड रुपया. एक दिवसाआड दाढी धरली तर वर्षाला बरणीचे अडीच हजार, डब्याचे हजार-अकराशे, ट्यूबचे पावणेतीनशे.

‘म्हणजे सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त, दोन्ही ब्रशचेच,’ बाबा म्हणाले. ‘आणि तू ज्याला स्वस्त समजत होतास तो डबा माझ्या चौपट.’

मग त्यांनी माझ्या रेझरकडे बोट केलं. त्याचा हिशेब मी केलाच नव्हता. पाच पात्यांच्या कार्ट्रिजचा एक नग दोनशेच्या पुढे, तो दहा दाढ्या चालतो. दाढीला वीस रुपये. क्रीमच्या चौदा आणि सहा रुपयांवर मी महिनाभर काटा घेऊन बसलो होतो आणि खरा खर्च शेजारी पडला होता. बाबांचं दुधारी ब्लेड चार रुपयांचं, चार दाढ्यांना एक.

मानेच्या पुटकुळ्यांचा संबंधही तिथेच होता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं: उलटी दाढी नको, पाती कमी असलेली बरी. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस ओढतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. गाल गुळगुळीत होतो तो त्यामुळेच, आणि कुरळा केस आत घुसतो तोही त्यामुळेच. एक पातं, सुलटा हात आणि नीट भिजलेला केस, एवढ्यावर माझी मान दीड महिन्यात बरीच शांत झाली. त्यात बरणीचा वाटा किती? बरणी आणि ट्यूब अदलाबदल करून पाहिली. मानेला फरक कळला नाही. हाताला थोडा कळतो. बरणीतल्या क्रीमचा फेस वाटीत जास्त वेळ टिकतो, पातं दुसऱ्यांदा त्याच जागी फिरवलं तर अडत नाही. मी म्हणेन दहा टक्के बरं, वीसपट नाही. बाकी पैसे वासाचे.

आणि वासाचे पैसे देऊ नयेत असं मी म्हणणार नाही. आपण अत्तराला देतो, उदबत्तीला देतो. फक्त ‘महिन्याला शे-सव्वाशेच जास्त पडतात, एका कॉफीचे’ हा युक्तिवाद मला नको आहे. जगातली प्रत्येक अनावश्यक वस्तू एका कॉफीएवढ्या पैशांत विकली जाते आणि महिनाअखेरीस बऱ्याच कॉफ्या झालेल्या असतात.

प्लास्टर निघालं तेव्हा बरणी तळाला चार बोटं उरली होती. ती कराडलाच राहिली. बाबा ती रविवारी वापरतात; इतर दिवशी ट्यूब. मी वाघोलीत ऐंशी रुपयांची ट्यूब आणली, सेफ्टी रेझर आणला, आरओचं पाणी घेतो. आईने विचारलं की बाबांच्या वाढदिवसाला काय आणतोस, तेव्हा तीच चंदनाची बरणी मागवली. डबा मात्र टाकला नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरची खेप चुकते, फिल्टर कोरडा पडतो, बादलीत तळाशी दोन मग उरलेले असतात आणि साडेनऊला क्लायंटचा व्हिडिओ कॉल असतो. त्या दिवशी डब्यातलं पाणी उपयोगी पडतं.